दगड कुठला आणि कशावरून? रोमन शवपेट्यांच्या संगमरवराचा माग

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने रोमन शवपेट्यांच्या दगडावर का बोलावं, असा प्रश्न समोरच्या दोन-चार चेहऱ्यांवर मला दिसतोय, आणि तो रास्तच आहे. तर आधीच सांगून टाकतो. मला दगडाचं कौतुक आहेच, पण त्याहून जास्त कुतूहल आहे ते दगडावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाचं. अठराशे वर्षांपूर्वीची एक पांढरी पेटी समोर आहे. तिच्यावर कुठे लिहिलेलं नाही की मी अमुक डोंगरातून आले. तरी आज एखादा तज्ज्ञ सांगतो की हा दगड मार्मारा समुद्रातल्या बेटावरचा. हे तो कशाच्या बळावर म्हणतो? आणि किती खात्रीने म्हणू शकतो? आजचं बोलणं एवढ्याभोवतीच आहे.

सुरुवात शब्दापासून करू. 'सार्कोफॅगस' हा मूळ ग्रीक शब्द. 'सार्क्स' म्हणजे मांस, 'फागेइन' म्हणजे खाणं. मांसभक्षक, असा सरळ अर्थ. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो की त्रोआस प्रांतात आसोस नावाच्या गावाजवळ असा एक दगड निघतो, की त्यात प्रेत ठेवलं तर चाळीस दिवसांत दात सोडून बाकी सगळं नाहीसं होतं. म्हणजे गंमत बघा, नावातच दगडाचा पत्ता आहे. पण आपण संग्रहालयात ज्या नक्षीदार पेट्या बघतो त्यातल्या बहुतेक संगमरवराच्या. त्यांचा आसोसच्या त्या दगडाशी काडीचा संबंध नाही. नाव एका दगडाचं, वस्तू दुसऱ्या दगडाची. तेव्हा पहिला धडा हाच की नावावर जायचं नाही.

आता थोडी पार्श्वभूमी. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापर्यंत रोम शहरात दहनाची रीत प्रमुख होती. राख आणि अस्थी कलशात ठेवायच्या. मग हळूहळू, साधारण हेड्रियन बादशहाच्या काळापासून, श्रीमंत घरांत दफन रुजत गेलं. हे ख्रिस्ती धर्मामुळे झालं असं सरसकट सांगितलं जातं, पण काळ जुळत नाही. त्या वेळी रोममध्ये ख्रिस्ती लोक मूठभर होते. कारण काहीही असो, दफन आलं आणि पेट्या आल्या. पेट्या आल्या म्हणजे कोरीवकाम आलं: डायोनिससची मिरवणूक, झोपलेला एंडिमिऑन, मेलिएगरची रानडुकराची शिकार, रोमन सैन्य आणि रानटी टोळ्यांची लढाई, किंवा नुसत्या फुलाफळांच्या माळा.

या पेट्या घडवणारी मोठी केंद्रं तीन मानतात. पहिलं खुद्द रोम. तिथली पेटी सहसा समोर आणि दोन्ही बाजूंना कोरलेली असते, मागची बाजू ओबडधोबड, कारण ती थडग्याच्या खोलीत भिंतीला लावून ठेवायची. दुसरं अथेन्स. तिथली पेटी चारही बाजूंनी कोरायची रीत, आणि झाकण पुष्कळदा पलंगासारखं, त्यावर मृत जोडपं रेललेलं. तिसरा आशिया मायनर, म्हणजे आजचा तुर्कस्तान. तिथे एकच एक केंद्र नव्हतं, पण आतल्या पठारावरच्या डोकिमेऑनच्या पेट्या प्रसिद्ध. खांबांच्या मधे कोनाडे आणि प्रत्येक कोनाड्यात मूर्ती, एखाद्या इमारतीचा दर्शनी भाग असावा तशा.

इथे आपला मुद्दा सुरू होतो. शैली सांगते की हात कुठला. दगड सांगतो की खाण कुठली. ही दोन वेगळी विधानं आहेत. पण बराच काळ ती एकमेकांच्या आधाराने उभी होती. पेटी अथेन्सची कशावरून? दगड पेंटेली डोंगराचा दिसतो म्हणून. दगड पेंटेलीचा कशावरून? पेटी अथेन्सच्या घडणीची आहे म्हणून. आपल्या नैयायिकांनी याला छान नाव दिलंय, अन्योन्याश्रय दोष. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखं. हा दोष घालवायचा तर शैलीकडे अजिबात न बघता दगडाला स्वतंत्रपणे बोलतं करायला हवं.

ते का अवघड आहे? आपल्याकडे हा प्रश्न फारसा पडत नाही. अजिंठ्याचा दगड कुठला, असं कुणी विचारत नाही, कारण लेणं जिथे आहे तिथलाच तो बेसॉल्ट. रोमचं तसं नव्हतं. रोमजवळ ट्रॅव्हर्टाइन आणि ज्वालामुखीचा टफ भरपूर, पण चांगला पांढरा संगमरवर नाही. तो एकतर उत्तरेकडच्या लुना बंदरावरून यायचा, म्हणजे आजचं कॅरारा, नाहीतर जहाजाने पूर्वेकडून. आणि पांढरा संगमरवर म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत काय, तर कॅल्शियम कार्बोनेट. कॅराराचाही तोच, पेंटेलीचाही तोच, पारोस बेटाचाही तोच. साधा चुनखडक घ्या, जवळपास तेच. तेव्हा साध्या पृथक्करणाने काही हाती लागत नाही. थासोस बेटाचा अपवाद लगेच सांगून ठेवतो. तिथल्या काही खाणींतला दगड डोलोमाइट आहे, म्हणजे त्यात मॅग्नेशियमही असतं. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर साधा संगमरवर जोरात फसफसतो, हा जेमतेम. पण प्रत्येक खाण इतकी सोयीची नसते.

जुन्या जाणकारांचा भरवसा डोळ्यावर होता, आणि तो टाकाऊ नव्हता. कॅराराचा कण बारीक, साखरेच्या पिठासारखा. प्रोकोनेसोसचा, म्हणजे मार्मारा बेटाचा, कण मोठा, आणि त्यात राखाडी-निळसर पट्टे. तो फोडला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, कारण त्यात हायड्रोजन सल्फाइड अडकलेला असतो. पेंटेलीच्या दगडात अभ्रकाचे पापुद्रे आणि हिरवट शिरा, आणि लोहाच्या अंशामुळे काळाच्या ओघात त्यावर सोनेरी छटा चढते. १८९० साली रिचर्ड लेप्सियस या जर्मन भूशास्त्रज्ञाने ग्रीक संगमरवराचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची पद्धतशीर तुलना केली. तिथून या विद्येला शिस्त आली म्हणायला हरकत नाही.

खरी कलाटणी मिळाली ती १९७२ साली. हार्मन क्रेग आणि व्हॅलेरी क्रेग या अमेरिकन दांपत्याने 'सायन्स' नियतकालिकात एक लेख लिहिला. कल्पना अशी. कार्बनचे अणू सगळे सारख्या वजनाचे नसतात. बहुतेक १२ वजनाचे, पण शंभरात एखादा १३ चा. ऑक्सिजनचंही तसंच: बहुतेक १६, क्वचित १८. यांना समस्थानिकं म्हणतात, आयसोटोप. आता संगमरवर म्हणजे मुळात समुद्रतळाशी साचलेला चुनखडक, जो पुढे जमिनीच्या पोटात उष्णता आणि दाबाने बदलला. तो साचला तेव्हाच्या समुद्राची छाप कार्बनच्या प्रमाणात राहते, आणि तो किती तापला, त्याच्यातून कसलं पाणी खेळलं, याची छाप ऑक्सिजनच्या प्रमाणात. म्हणजे प्रत्येक डोंगराचं चरित्र त्याच्या अणूंत नोंदलेलं असतं.

करतात काय, तर पेटीच्या मागून किंवा आधीच तुटलेल्या कडेवरून चिमूटभर भुकटी घेतात. काही मिलिग्रॅम पुरतात. ती फॉस्फोरिक आम्लात विरघळवली की कार्बन डायऑक्साइड निघतो, तो मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घालून जड आणि हलक्या अणूंचं प्रमाण मोजतात. ते प्रमाण एका ठरलेल्या मापाच्या तुलनेत सांगतात. हे माप कुठलं? दक्षिण कॅरोलिनातल्या पीडी खडकांत सापडणारा बेलेम्नाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म. रोमन शवपेटी शेवटी अमेरिकेतल्या एका जीवाश्माशी ताडून बघायची. मला हे फार आवडतं, पण असो.

क्रेग दांपत्याने नाक्सोस, पारोस, पेंटेली आणि हिमेट्टोस इथल्या खाणींचे नमुने मोजले आणि कागदावर मांडले. एका अक्षावर कार्बन, दुसऱ्यावर ऑक्सिजन. प्रत्येक ठिकाणाचे ठिपके आपापल्या घोळक्यात जमले. आता कुठलाही अनोळखी तुकडा आणा, मोजा, कुठल्या घोळक्यात पडतो ते बघा, की झालं! सगळ्यांना वाटलं, प्रश्न सुटला.

सुटला नव्हता. पुढच्या वर्षांत नॉर्मन हर्झ आणि इतरांनी इटली आणि आशिया मायनरच्या खाणींचे नमुने त्या नकाशात भरायला सुरुवात केली, आणि घोळके एकमेकांवर चढू लागले. प्रोकोनेसोस आणि कॅरारा, कुठे आशिया मायनर तर कुठे इटली, पण नकाशावर शेजारी, काही भागांत एकाच जागी. मग समस्थानिकांच्या जोडीला आणखी साक्षीदार बोलवावे लागले. सर्वांत मोठा कण किती मिलिमीटरचा? कॅरारा सहसा एकाच्या आत, प्रोकोनेसोस त्याहून बराच मोठा. हा साधा निकष त्या दोघांची गाठ सोडवतो. मग मँगेनीजचा अंश. तो 'इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स' नावाच्या तंत्राने मोजतात. त्यात इटलीच्या डोनातो अत्तानासिओ यांचं काम मोठं. मग इलेक्ट्रॉनांचा मारा केल्यावर दगड कुठल्या रंगाने उजळतो ते बघायचं. १९८८ पासून या सगळ्या मंडळींची 'अस्मोसिया' नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिथे भूशास्त्रज्ञ आणि पुरातत्त्ववाले एका टेबलाशी बसतात.

आता जरा माझ्या अंगणात या. यातलं अनुमान नेमकं कुठल्या जातीचं आहे? 'या तुकड्याचे गुण प्रोकोनेसोसशी जुळतात, म्हणून तो प्रोकोनेसोसचा' असं आपण म्हणतो. धूर आहे म्हणून अग्नी आहे, असं ते दिसतं. पण धुराची अग्नीशी व्याप्ती आहे. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी. इथे तशी व्याप्ती नाही. हेच गुण दुसऱ्या एखाद्या खाणीतही असू शकतात. नकार मात्र भक्कम असतो. पेटीचा दगड डोलोमाइट निघाला, तर तो कॅराराचा पांढरा संगमरवर नव्हे, विषय संपला. म्हणजे ही विद्या मुळात वगळण्याची आहे. हा नाही, तो नाही, तोही नाही, म्हणून उरला तो हा. न्यायदर्शनात याला शेषवत् किंवा परिशेष अनुमान म्हणतात. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने शब्दाचं उदाहरण दिलंय: शब्द द्रव्य नाही, कर्म नाही, तेव्हा उरतं ते, गुण. पण हे अनुमान एका अटीवर चालतं. पर्यायांची यादी पूर्ण हवी. यादीत एक जरी नाव राहिलं, तरी उरलेला गुन्हेगार निर्दोष असू शकतो.

आणि नाव राहिलं होतं! एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नैर्ऋत्य तुर्कस्तानात, आफ्रोडिसियासपासून सुमारे ४० किलोमीटरवर, गोक्तेपे इथे प्राचीन खाणी लक्षात आल्या. अत्तानासिओ, मात्थियास ब्रुनो आणि अली बहादिर यावुझ यांनी २००९ साली त्यांचा तपशील प्रसिद्ध केला. तिथला पांढरा दगड अत्यंत बारीक कणांचा, उत्तम प्रतीचा, आणि समस्थानिकांत कॅराराच्या इतका जवळ की दोघांची गल्लत सहज व्हावी. वेगळेपण कशात, तर स्ट्रॉन्शियम भरपूर आणि मँगेनीज फार कमी. मग जुने निकाल पुन्हा तपासायला घेतले, तेव्हा इटालियन समजले गेलेले कितीतरी उत्तम मूर्तिकामाचे दगड गोक्तेपेचे ठरू लागले. लक्षात घ्या, आधीच्या लोकांची मोजमापं चुकलेली नव्हती. आकडे बरोबर होते. यादी अपुरी होती.

म्हणून 'हा दगड अमुक ठिकाणचा' असं वाक्य वाचलं, की मी मनात एक शेपूट जोडतो: 'आज माहीत असलेल्या खाणींपैकी.' विज्ञानाला कमी लेखायचं म्हणून हे करत नाही. कुठलाही चांगला संशोधक हे शेपूट स्वतःच जोडतो. ते गळतं ते बातमीत आणि संग्रहालयाच्या पाटीवर.

बरं, एवढा खटाटोप करून कळलं काय? पुष्कळ. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने स्वीकारलेली अगदी पहिली वस्तू ठाऊक आहे? दाखल क्रमांक ७०.१. ती एक रोमन शवपेटी आहे, माळांची नक्षी असलेली, १८७० साली भेट आलेली. सापडली दक्षिण तुर्कस्तानात तार्सुसला. दगड प्रोकोनेसोसचा. बेटावरून निघून, सगळ्या आशिया मायनरला समुद्रातून वळसा घालून तो दगड तार्सुसला पोचला. त्याच संग्रहालयात थीसियस आणि अरिआड्नीच्या कथेची एक पेटी आहे, दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या आसपासची, आणि तिच्या नोंदीत दोन दगड लिहिलेत: लुना आणि पेंटेली. एकाच पेटीत इटली आणि ग्रीस. शैलीवरून दगड सांगणाऱ्याने इथे काय करावं?

ही वाहतूक कशी होत असेल, याचा आपण इथेच हिशोब करू. समजा २.२ मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा ठोकळा. २.२ घनमीटर झाले. संगमरवराचा घनमीटर साधारण २.७ टन, म्हणजे ठोकळा जवळपास सहा टनांचा. आता तो आतून पोखरा, भिंती आणि तळ बारा सेंटिमीटरचे ठेवा. करा गुणाकार, साडेतीन टन दगड निघून जातो. निम्म्याहून जास्त! मग तो जहाजात कोण घालेल? म्हणून पेट्या खाणीवरच पोखरायचे आणि बाहेरून माळांचे नुसते आकार काढायचे. पान, फळ, चेहरा ही नाजूक कामं पोचल्यावर. दक्षिण इटलीत तारांतोजवळ सान पिएत्रो इन बेव्हान्या इथे उथळ समुद्रात एका बुडालेल्या जहाजाचा माल सापडला. त्यात अशा २३ अर्धवट घडवलेल्या पेट्या होत्या, आणि काही लहान पेट्या मोठ्यांच्या पोटात बसवलेल्या, आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात पातेली ठेवतात तशा.

यावरून जॉन वॉर्ड-पर्किन्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने एक मोठं चित्र उभं केलं. खाणींवर ठरावीक नमुन्याचा माल तयार होतोय, साठवला जातोय, साम्राज्यभर पाठवला जातोय. प्रोकोनेसोसच्या खाणींत नुशिन असगरी यांनी पुढे जे काम केलं, त्यात अर्धवट टाकून दिलेला असा माल खूप नोंदला गेला. पण 'साठवला जातोय' हा भाग वेगळा आहे. बेन रसेल यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात दाखवलं की यातलं बरंचसं काम ऑर्डरीवर चालत असावं. गिऱ्हाईक नसताना सहा टनांचा ठोकळा कोण पोखरत बसेल? मला रसेल यांची बाजू जास्त पटते. अर्धवट पेटी बघून 'तयार माल' म्हणणं ही उडी आहे. ती ऑर्डरीचीही असू शकते, फक्त पूर्ण व्हायची होती. दगडाची परीक्षा पत्ता सांगते, व्यवहार सांगत नाही.

आता हा पत्ता आणि व्यवहार यांतला फरक कोर्टकचेरीत कसा येतो ते बघा. डिसेंबर २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या कस्टमला जिनिव्हाच्या करमुक्त गोदामात एक शवपेटी आढळली. तीन टनांच्या घरातली, दुसऱ्या शतकातली, हेराक्लीसचे बारा पराक्रम कोरलेली. डोकिमेऑनच्या घडणीची. तुर्कस्तानने ती मागितली. २०१५ साली जिनिव्हाच्या सरकारी वकिलांनी परत करण्याचा आदेश दिला, त्यावर अपील झालं, ते पुढे मागे घेतलं गेलं, आणि २०१७ च्या सप्टेंबरात पेटी तुर्कस्तानात पोचली. आज ती अंताल्याच्या संग्रहालयाची आहे.

पुष्कळांना वाटतं, दगड डोकिमेऑनचा ठरला की खटला जिंकला. तसं नसतं. डोकिमेऑनच्या पेट्या त्या काळीच परदेशी जात होत्या. दक्षिण इटलीतली मेल्फीची पेटी बघा, झाकणावर तरुण स्त्री निजलेली. ती डोकिमेऑनचीच, पण सापडली इटलीत, आणि दुसऱ्या शतकापासून तिथेच आहे. तुर्कस्तान ती मागू शकेल काय? नाही. तेव्हा दगडाने सिद्ध होतं ते 'कुठे खणला' एवढंच. पेटी कुठल्या जमिनीतून आणि कधी बाहेर काढली, याला वेगळा पुरावा लागतो: तुटलेल्या भागावर चिकटलेली माती, उत्खननाच्या जागा, कागदपत्रं, साक्षी. आपल्या परिभाषेत, उपादान कारण कळलं म्हणून निमित्त कारण कळत नाही. माती कुठली हे कळलं म्हणून कुंभार सापडत नाही, आणि घडा चोरणारा तर नाहीच नाही. आणि जिची उत्खननाची जागाच चोरांनी पुसून टाकली, त्या पेटीबद्दल खाणीपलीकडचं कितीतरी कायमचं गेलेलं असतं: कुणाचं थडगं होतं, शेजारी कोण पुरलं होतं, आत काय ठेवलं होतं. मास स्पेक्ट्रोमीटर ते परत आणू शकत नाही.

एक-दोन प्रश्न घेऊ या, वेळ आहे थोडा.

[श्रोत्यांमधून प्रश्न: सर, आमच्यासारख्यांनी परदेशात संग्रहालयात गेल्यावर नुसत्या डोळ्यांनी काही ओळखता येईल का?]

थोडंफार येईल, येईल की. आधी पेटीच्या मागे जा. सगळे समोरून फोटो काढत असतात, तुम्ही मागे जा. मागची बाजू कोरी आणि छिन्नीच्या खुणांची असेल तर रोमकडची शंका घ्या. चारही बाजूंना काम असेल तर अथेन्स किंवा आशिया. मग जिथे कपचा उडालेला आहे तिथे बघा, कारण झिजलेल्या पृष्ठभागावर कण दिसत नाही. मिठाच्या खड्यासारखे चमकणारे मोठे कण आणि पेटीभर आडवे राखाडी पट्टे असतील, तर प्रोकोनेसोस मनात धरा. पीठ केल्यासारखा दगड असेल तर कॅरारा म्हणा, पण गोक्तेपे विसरू नका. झाकण आणि पेटी यांचा रंग वेगळा दिसतो का तेही बघा, झाकण पुष्कळदा दुसरीकडचं असतं. हे सगळं झाल्यावर मग पाटी वाचा. पाटीवर नुसतं 'संगमरवर' लिहिलेलं असेल तर समजा की कुणी अजून विचारलेलं नाही. खाणीचं नाव असेल, तर तिथल्या माणसाला विचारा की हे डोळ्याने ठरवलं की नमुना घेऊन. रखवालदाराला नाही, अभिरक्षकाला. रखवालदार तुम्हाला मागे गेल्याबद्दल आधीच ओरडलेला असेल.